चित्राचा भाव आणि चित्रकाराची मजुरी

काठमांडू, बाली, हनोई किंवा इस्तंबूलहून परतलेल्या माणसाच्या घरी भिंतीवर नवं चित्र दिसलं, की आपण विचारतो, "कुठून आणलंत?" उत्तरात गावाचं नाव येतं आणि पाठोपाठ आकडा येतो. "सांगत होता पाच हजार, बाराशेला घेतलं." चित्र कोणी काढलं, त्यातली देवता कोणती, रंग कसले, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. भावाची हकिगत मात्र साग्रसंगीत सांगितली जाते: दुकानदार काय म्हणाला, आपण पाठ फिरवून कसे निघालो, तो रस्त्यापर्यंत कसा मागे आला. ऐकणारेही दाद देतात ती याच भागाला. घरातली मुलं हे ऐकत मोठी होतात आणि चित्र विकत घेणं म्हणजे कुणाला तरी हरवणं, एवढंच शिकतात.

मला हे मनापासून खटकतं, आणि त्यात केवळ शिष्टाचाराचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. हाताने काढलेल्या चित्रावर घासाघीस करणं आपण बंद करायला हवं, परदेशात आणि इथे मुंबईतही. त्या घासाघिशीत जो पैसा कमी होतो तो समोर बसलेल्या दुकानदाराच्या खिशातून क्वचितच जातो. तो जातो त्या वेळी दुकानात हजर नसलेल्या चित्रकाराच्या मजुरीतून. आणि हे थांबवायचं तर प्रवाशांच्या चांगुलपणाची वाट बघत बसून भागणार नाही. चित्र विकण्याची रीत बदलावी लागेल, आणि ती बदलण्याची सुरुवात मुंबईत करता येण्यासारखी आहे.

नेपाळपासून सुरुवात करतो. मुंबईतल्या बेताच्या पगाराच्या तरुणांपैकी अनेकांचा पहिला परदेश तोच असतो. व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर जाता येतं, हिंदी चालते. पैशाचा हिशेबही सोपा आहे: १९९३ पासून भारतीय एका रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे हा दर बांधलेला आहे. त्यामुळे काठमांडूतल्या थमेल या पर्यटकांच्या बाजारपेठेत कुठल्याही दुकानात भाव विचारला की उलट प्रश्न येतो, "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय चलनात सांगू की नेपाळी. आपल्या प्रवाशाला पहिल्यांदाच परदेशात आपला रुपया वजनदार वाटतो. युरोपात जो माणूस कॉफीची किंमत बघून पाणी पितो, तो इथे चार माणसांसमोर पाकीट उघडून भाव पाडायला बसतो.

आणि भाव पाडायचा कशाचा, तर बहुधा थांक्याचा, म्हणजे कापडावर काढलेल्या बौद्ध देवतांच्या चित्राचा. भक्तपूरच्या दरबार चौकाच्या आसपास, बौद्धनाथच्या स्तूपाभोवती, पाटणच्या गल्ल्यांत थांक्यांची दुकानं आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या दाराशीच मुलं-मुली मांडी घालून काम करताना दिसतात. नेवार लोकांची पौभा ही चित्रपरंपरा तिथली जुनी. आज थांका काढणाऱ्यांत तामाङ समाजाचे चित्रकार पुष्कळ आहेत. काम कसं चालतं ते उभं राहून बघण्यासारखं आहे. सुती कापड लाकडी चौकटीला दोऱ्यांनी ताणून बांधतात. त्यावर सरस आणि पांढऱ्या मातीचा लेप देतात, वाळला की गुळगुळीत दगडाने घोटतात. मग रेघांची जाळी आखतात, कारण बुद्धाच्या किंवा तारेच्या अंगाचं प्रमाण परंपरेने ठरलेलं असतं आणि त्यात मनाला येईल तसा फरक करता येत नाही. सपाट रंग भरून झाले की छटांचं काम सुरू होतं. आकाशाचा निळा वरून खाली फिका होत येतो, ढगाची कड गडद होऊन आत पांढरी होत जाते, आणि हे सगळं अगदी बारीक कुंचल्याच्या टोकाने, ठिपक्याला ठिपका लावत. सोन्याच्या रेषा नंतर. डोळे सर्वांत शेवटी. मध्यम आकाराच्या चांगल्या थांक्यामागे काही आठवडे जातात, मोठ्या कामामागे महिने.

थमेलमधल्या एका दुकानात मी बसलो होतो तेव्हा कल्याणचं एक तरुण जोडपं आत आलं. पाठीवर सॅक, पायांत ट्रेकचे बूट, नुकतेच पोखऱ्याहून आलेले. मुलीला एक मंडल, म्हणजे वर्तुळाकार रचनेचं थांका-चित्र, आवडलं. दुकानदाराने ते टेबलावर पसरलं, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली.

"आयसी में आठ हजार, मॅडम. मास्टर का काम है."

"भैया, चार."

"चार में तो नहीं होगा."

मुलगा मराठीत म्हणाला, "ऑनलाइन याच्या निम्म्यात मिळतं गं, चल." दोघं दाराकडे वळले. दुकानदाराने ते मंडल काळजीपूर्वक गुंडाळलं, खालच्या खणातून दुसरी गुंडाळी काढली आणि त्याच टेबलावर पसरली. तेच मंडल, तोच आकार, तेच रंग. "ये चार में हो जायेगा." दोघांचे चेहरे खुलले.

मी त्या मुलीला दोन्ही चित्रं शेजारी ठेवून ढगांच्या कडा बघायला सांगितलं. पहिल्यात कड जवळून पाहिली की ठिपके दिसत होते, कुठे दाट कुठे विरळ, आणि सोन्याची रेष बोटाला लागत होती. दुसऱ्यात रेघा छापलेल्या होत्या आणि आतला रंग घाईने भरलेला होता. तिने बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "काका, मग हे पहिलं कोणी काढलंय?" तो प्रश्न मी दुकानदाराला विचारला. त्याने चित्रकाराचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, महिन्याभराहून जास्त काम चाललं होतं असं सांगितलं. मजुरी महिन्याची नाही, नगाची. मग तो जे म्हणाला ते मला महत्त्वाचं वाटतं. "सीझन खराब जाता है तो मैं उसी का रेट कम करता हूँ. दुकान का किराया तो कम होता नहीं."

हे त्याने लपवून सांगितलं नाही, लाजतही सांगितलं नाही. धंद्याचं साधं गणित म्हणून सांगितलं. आणि गणित खरंच साधं आहे. दुकानाचं भाडं ठरलेलं असतं. वीज, नोकराचा पगार ठरलेला असतो. गिऱ्हाईक घेऊन येणाऱ्या गाइडचं किंवा टॅक्सीवाल्याचं कमिशन ठरलेलं असतं, आणि ते चुकवलं तर उद्यापासून गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. दुकानदाराचा स्वतःचा नफा तो शेवटपर्यंत राखतो, कारण त्यावर त्याचं घर चालतं. या सगळ्यांत आक्रसू शकणारी रक्कम एकच: ज्याच्याशी लेखी करार नाही, ज्याची संघटना नाही, ज्याला दुसरं काम चटकन मिळणार नाही, त्या माणसाची मजुरी. आज या चित्रावर चार हजार सुटले म्हणून आजच कोणी चित्रकाराच्या हातून पैसे काढून घेत नाही. पण हंगामभर शंभर गिऱ्हाइकांनी निम्म्यावर भाव पाडला, की पुढच्या हंगामाचा नगाचा दर तिथून ठरतो.

मग चित्रकार काय करतो? तो वेळ कापतो. नगाची मजुरी घटली की दिवस वाचवल्याशिवाय पोट भरत नाही. कापडावरचा लेप एकदाच देतो, खनिज रंगाऐवजी बाजारातला पोस्टर रंग घेतो, छटा ठिपक्यांऐवजी एका फटकाऱ्यात उरकतो, आणि शेवटी छापील रेघांत रंग भरून देतो. त्याची मुलगी हे बघते आणि हॉटेलात नोकरी धरते. असा एकेक हात कमी होतो. मग तोच प्रवासी दहा वर्षांनी येऊन म्हणतो की आता पूर्वीसारखं काम मिळत नाही, सगळा टुरिस्टांचा माल झालाय. तो माल तसा व्हायला त्याच्या घासाघिशीचा हातभार लागलेला असतो, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतले दोन मला गंभीर वाटतात.

पहिला असा: दुकानदार मुळातच तिप्पट सांगतो. भाव न करता पैसे देणारा माणूस चित्रकाराला नव्हे, दुकानदाराला श्रीमंत करतो. हे खरं आहे, आणि म्हणूनच "सांगेल ती किंमत निमूटपणे द्या" असा उपदेश मी करणार नाही. तिप्पट सांगायचं आणि निम्म्यावर यायचं हा खेळ दोघांनी मिळून बसवला आहे. गिऱ्हाईक पाडणारच म्हणून दुकानदार फुगवतो, दुकानदार फुगवणारच म्हणून गिऱ्हाईक पाडतो. यात सर्वांत जास्त नुकसान होतं ते संकोची माणसाचं, जो भाव करू शकत नाही आणि पहिल्या आकड्याला घेऊन जातो. एकाच दिवशी एकाच चित्राचे तीन गिऱ्हाइकांना तीन भाव, आणि तिन्ही वेळा चित्रकाराला तेवढेच पैसे. या व्यवस्थेला कोणी संस्कृती म्हणून गौरवत असेल तर त्याने एकदा चित्रकाराला विचारून बघावं.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. आम्ही काही गोरे पर्यटक नाही, आमचा पगार रुपयांत आहे, सुट्टी साठवून आणि डॉर्मिटरीत राहून आम्ही फिरतो. आमच्याकडून डॉलरचा भाव का? हा प्रश्न रास्त आहे. ज्याचं उत्पन्न कमी त्याला कमी दर असावा, हे मला मान्य आहे. पण मग तो दर पाटीवर लिहिलेला असावा. घारापुरीच्या लेण्यांचं तिकीट भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६०० रुपये आहे. फरक पंधरापट आहे, पण तो खिडकीवर लिहिलेला आहे आणि सगळ्यांना दिसतो. भक्तपूरच्या प्रवेशशुल्कातही सार्क देशांच्या नागरिकांना वेगळा, कमी दर आहे, आणि आपण तो हक्काने मागतो. उघड लिहिलेल्या दोन दरांबद्दल वाद घालता येतो, ते बदलताही येतात. चेहरा आणि बूट बघून मनातल्या मनात ठरवलेल्या दराशी मात्र भांडताच येत नाही, फक्त घासाघीस करता येते. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याने लहान चित्र घ्यावं, विद्यार्थ्याच्या हातचं घ्यावं, चांगलं छापील चित्र छापील म्हणून घ्यावं. यात कमीपणा कसला? तळहाताएवढा, खऱ्या हाताने काढलेला पद्मपाणी मला भिंतभर छापील मंडलापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. महिनाभराच्या मेहनतीचं चित्र आठवड्याच्या भावात मागायचं आणि त्याला काटकसर म्हणायचं, हे मात्र मला पटत नाही.

घासाघीस हा संवाद असतो, त्यातून ओळख होते, असंही म्हणतात. ओळख व्हायला चहा पुरतो.

आता मुंबई. थमेलमध्ये आपण जे करतो तेच कुलाबा कॉजवेवर परदेशी पाहुणे करतात, आणि तेच आपण स्वतः काळा घोड्याच्या फुटपाथवर करतो. तिथली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. आत दालन मिळवण्यासाठी चित्रकारांना वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. आतल्या भिंतीवरच्या चित्राची किंमत यादीत छापलेली असते आणि तिथे हळू आवाजात बोलायचं असतं हे प्रत्येकाला आपोआप कळतं. बाहेर, त्याच इमारतीच्या कडेला, फुटपाथवर चित्रकार बसतात, कॅनव्हास कठड्याला टेकवून. काही जण समोर बसवून माणसाचं रेखाचित्र काढून देतात. इथे त्याच माणसाची भाषा बदलते. "एवढ्याशा कागदाचे पाचशे?" मी एका गृहस्थांना असं म्हणताना ऐकलं आहे, आणि त्यांच्या हातात आतल्या प्रदर्शनाचं माहितीपत्रक होतं. चित्रकार तरुण होता, बोटांना कोळसा लागलेला. तो म्हणाला, "सर, कागदाचे पैसे नाहीत ते." गृहस्थ पुढे निघून गेले. आतला चित्रकार आणि बाहेरचा चित्रकार एकाच कलाशाळेत शिकलेले असू शकतात. फरक इतकाच की एकाच्या बाजूने भिंत, दिवे आणि छापील यादी बोलते, दुसऱ्याला स्वतःच्या मजुरीसाठी स्वतः बोलावं लागतं.

याच इमारतीचा आणखी एक धागा इथे सांगितला पाहिजे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर गेले, त्यांनी वारली चित्रं काढणाऱ्यांच्या हाती कागद दिला, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचं काम मुंबईत आलं. १९७५ साली त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं ते गॅलरी केमोल्डमध्ये, आणि केमोल्ड त्या काळी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर होती. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. म्हणजे ज्या वास्तूत वारली चित्राला पहिल्यांदा चित्र म्हणून मान मिळाला, तिच्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आज वारलीचे ट्रे, कापडी पिशव्या, फ्रेम पडेल भावात विकल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेकांवर कोणाचंही नाव नसतं.

वारली चित्र मुळात विकण्यासाठी नव्हतंच. लग्नघरी कुडाच्या भिंतीवर, गेरू-मातीच्या सारवणावर, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक ठेचून सवासिनी चौक लिहीत. मधोमध पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाया, गाणी म्हणत आणि त्याशिवाय लग्न लागत नसे. बाजारात येताना यातलं पुष्कळ काही गळलं, ते काही प्रमाणात होणारच होतं. मला सलतं ते वेगळं. कॉजवेवर वारली म्हणून जे मिळतं त्यात नव्वद टक्के वेळा तारपा नाच असतो. मशे यांच्या चित्रांत मासे पकडायचं जाळं असे, मुंग्यांचं वारूळ असे, रेघांनी थरथरणारं रान असे. पिशवीवर नुसता तारपा उरला, कारण तो पटकन काढता येतो आणि त्याचा साचा करता येतो. पाडलेल्या भावात जाळं विणायला कोणाला वेळ मिळणार? प्रवाशाने भाव पाडला, व्यापाऱ्याने नगाचा दर पाडला, आणि चित्रातून एकेक विषय निघून गेला. पैशाच्या नुकसानीपेक्षा मला हे नुकसान मोठं वाटतं, कारण ते भरून काढायला त्या विषयांची आठवण असलेली माणसं लागतात.

वांद्र्याला दरवर्षी भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात बचत गटांच्या बाया स्वतः स्टॉलवर बसतात. तिथे चित्रकार आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये कोणी नसतं, म्हणजे तिथे तरी घासाघीस करायला काहीच निमित्त उरत नाही. तरीही आपल्याच लोकांना मी तिथे ऐकलं आहे: "ताई, दोन घेतो, किती कमी करणार? शेवटचा दिवस आहे, परत न्यायचं भाडं वाचेल तुमचं." समोरच्या बाईने पालघरहून गाठोडी आणलेली असतात, मुंबईत राहण्याखाण्याचा खर्च अंगावर असतो, आणि तिची अडचण आपल्याला कळली आहे हे तिला ऐकवून आपण भाव मागतो. एखाद्याच्या अडचणीवर बोट ठेवून मिळवलेल्या सवलतीला मी व्यवहारचातुर्य मानू शकत नाही. सकाळी भवानी व्हायची आहे म्हणून दुकानदार पडेल त्या भावात देईल, हे हेरून पहिलं गिऱ्हाईक होणं, हाही त्यातलाच प्रकार.

घासाघिशीशिवाय व्यवहार चालवणं मराठी माणसाला नवं नाही. गिरणगावात नायगावला १९४८ साली अपना बाजार सुरू झाला तो रास्त किमतीच्या कल्पनेवर. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या घरांनी गट केले, महिन्याचा माल एकत्र खरेदी केला, आणि किंमत कशी ठरली हे विचारायचा हक्क मागितला. कित्येक घरांत महिन्याच्या वाटपाचा दिवस हा सणासारखा असे. ग्राहकाची बाजू घेऊन त्या पिढीने जे केलं त्याचा मला अभिमान आहे. त्यांचा प्रश्न होता: या वस्तूला खरं किती लागतं ते सांगा. चित्र विकत घेताना नेमका तोच प्रश्न विचारायचा आहे, फक्त त्याचं उत्तर ऐकल्यावर चित्रकाराला मिळायचं ते पूर्ण मिळू द्यायचं आहे. आज बिस्किटाच्या पुड्यावर छापील किंमत असते म्हणून आपण तिथे वाद घालत नाही. वैध मापनशास्त्र कायदा, २००९ आणि त्याखालचे २०११ चे नियम हे काम करतात. ते नियम पाकीटबंद मालाचे आहेत, चित्राला लागू नाहीत, आणि चित्राला कमाल किंमत लावावी असं माझं म्हणणंही नाही. पण लिहिलेली किंमत दिसली की तोंड आपोआप मिटतं, हा अनुभव आपल्या सगळ्यांच्या गाठीशी आहे.

चित्रकाराचा चित्रावर विक्रीनंतरही काही हक्क राहतो, हे आपल्या कायद्याने मानलेलं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम म्हणतं की कलाकृतीचा मालकी हक्क दुसऱ्याकडे गेला तरी ती आपली आहे हे सांगण्याचा निर्मात्याचा हक्क शाबूत राहतो. त्याच कायद्यात पुढे ५३अ हे कलम घातलं गेलं: मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं आणि किंमत दहा हजारांच्या वर गेली, तर चित्रकाराला त्यात हिस्सा मिळू शकतो, जास्तीत जास्त दहा टक्के. ही कलमं मोठ्या चित्रकारांच्या, लिलावाच्या संदर्भात आठवली जातात. फुटपाथवर आठशे रुपयांना विकल्या गेलेल्या चित्राला पुनर्विक्रीचा हिस्सा कधी मिळणार नाही. पण ५७ वं कलम किंमत विचारत नाही. आठशेच्या चित्राच्या चित्रकारालाही नावाचा हक्क आहे, आणि नाव न लिहिता चित्र विकणारा प्रत्येक दुकानदार तो हक्क पायाखाली घालतो.

म्हणून माझी मागणी चित्राच्या पाठीमागे चिकटवायच्या एका चिठ्ठीची आहे. तिच्यावर चित्रकाराचं नाव आणि गाव, काम हाताचं की छापील, साधारण किती दिवसांचं, विक्रीची किंमत, आणि त्या किमतीतला चित्रकाराचा वाटा. शेवटच्या ओळीला व्यापारी विरोध करतील हे मला ठाऊक आहे. आपला नफा कोणी कशाला सांगेल? पण खासगी गॅलऱ्या चित्रकाराशी टक्केवारी ठरवूनच काम करतात आणि त्यांचा धंदा बुडालेला नाही. भाडं, दिवे, गिऱ्हाईक मिळवण्याची खटपट याचे पैसे दुकानदाराला मिळायलाच हवेत. तो वाटा उघड असला की गिऱ्हाइकाला कळेल की आपण नेमकं कोणाच्या पैशातून सूट मागतो आहोत. दुकानदाराला स्वतःच्या वाट्यातून शंभर कमी करायचे असतील तर त्याने खुशाल करावेत, ती त्याची मर्जी. चित्रकाराची रक्कम मात्र चिठ्ठीवर छापलेली, तिच्यात बदल नाही. काठमांडू खोऱ्यातच महागुठीसारखी संस्था १९८४ पासून न्याय्य व्यापाराच्या तत्त्वावर कारागिरांचा माल विकते आहे. तेव्हा हे परदेशी श्रीमंत दुकानांपुरतंच जमण्यासारखं आहे असंही कोणी म्हणू नये.

सुरुवात जिथे सरकारची किंवा पालिकेची जागा, मंडप किंवा परवानगी आहे तिथे करावी: सरसचे स्टॉल, सरकारी एम्पोरियम, काळा घोड्याचा कला महोत्सव, जहांगीरच्या बाहेरचा फुटपाथ. परवानगीच्या अर्जात एक अट वाढवायची, चिठ्ठीशिवाय हातकामाचं चित्र म्हणून काही विकता येणार नाही. फुटपाथवरच्या चित्रकाराला याचा त्रास नाही; तो स्वतःच चित्रकार, स्वतःच दुकानदार, त्याला फक्त नाव आणि किंमत लिहायची आहे, आणि ती लिहिलेली असली की त्याच्या बाजूनेही कागद बोलेल. खोट्या चिठ्ठ्या निघतील, ही भीती खरी आहे. पण वारलीच्या बाबतीत तपासायची सोय कायद्यात आधीच आहे. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या कायद्यात अधिकृत वापरकर्त्यांची नोंदणी होते. ज्याच्या स्टॉलवर वारली हा शब्द लिहिलेला आहे त्याने चित्र काढणाऱ्याचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर द्यावा, आणि ज्या चित्रकारांची नोंदणी अजून झालेली नाही त्यांची ती पालघरच्या पाड्यांवर जाऊन, फी न घेता, जिल्हा प्रशासनाने करून द्यावी.